बिनकोटिंगचं भांडं

तिसगावात कुणाच्या हातात ब्रेडचा पुडा दिसला, की समोरचा आधी विचारायचा, "कोण आजारी हाय?" हौसेनं ब्रेड खाणारा माणूस माझ्या लहानपणी मी गावात पाहिला नाही. नगरच्या एसटीनं पुडे यायचे, स्टँडवरच्या टपरीत दोरीला लटकायचे, आणि ज्याच्या घरी ताप, कावीळ किंवा ऑपरेशन असेल तोच ते घरी न्यायचा. भाकरीवरचा माणूस धडधाकट आणि ब्रेडवर आलेला माणूस खाटेवरचा, अशी सरळ विभागणी होती. त्यामुळे आईला ब्रेड खा म्हणणं म्हणजे तू आजारी आहेस असं तिच्या तोंडावर सांगणं होतं, आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

खरं तर तिचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि तेही जबड्याचं. जन्मभर मिश्री लावली, त्याची वसुली झाली. पुण्याला नेलं, उजव्या बाजूचा जबड्याचा तुकडा आणि त्या बाजूचे दात काढले. नगरला माझ्या घरी आणली तेव्हा तिचं तोंड दोन बोटं आडवी मावतील एवढंच उघडत होतं. वडील आधीच गेलेले. मी आणि बायको एमआयडीसीच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. आईची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टाकली.

पुढे किरणांचा शेक द्यायचा होता. नगरच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा बघून ओठ दाबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वजनावर शेक झेपायचा नाही. तीन किलो वाढवा आणि मग पुण्याला न्या. पण सहा आठवड्यांच्या आत. उशीर केलात तर गाठ परत डोकं वर काढेल." सहा आठवडे आणि तीन किलो. मी कारखान्यात रोज मापं घेणारा माणूस, मला हे माप सोपं वाटायला हवं होतं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी बोटांवर आठवडे पुन्हा पुन्हा मोजत होतो.

खाण्याचे हाल होते. पेज दोन चमचे, वरण दोन चमचे, की हात वर. "बास. पोट भरलं." चमचासुद्धा तोंडात नीट जायचा नाही, तिरका करून सारावा लागायचा. बेकरीचा ब्रेड दुधात कुस्करून दिला तर म्हणाली, वास येतो, आणि लगदा टाळूला चिकटून बसतो. अंड्याचा वास तर तिला खोलीतही चालेना. बायको म्हणायची की अंडं, तूप आणि दुधाची पावडर तिच्या नकळत कशात तरी घालता आली पाहिजे. पण ते कशात घालायचं, हे आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं.

त्याच सुमारास बायकोच्या भावाचा फोन आला. तो मस्कतला एसी दुरुस्त करायच्या कामावर होता आणि सुट्टीवर निघाला होता. फोन कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे यायचा, तो आम्हाला हाक मारायचा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, इथं घरी ब्रेड करायचं मशीन मिळतंय. पीठ, पाणी, काय असेल ते आत टाकायचं आणि झाकण लावायचं. मळतंय तेच, फुगवतंय तेच, भाजतंय पण तेच. आणू का आत्यासाठी?" बायकोनं शेजारून माझा हात दाबला. तिला जे सुचत नव्हतं ते पाच हजार मैलांवरून चालत आलं होतं, असं तिचं म्हणणं. अंतर तिनं अंदाजे सांगितलं होतं आणि बरंच जास्त सांगितलं होतं.

मशीनं दोन होती. एक दुकानातलं कोरं, आतलं भांडं काळं कुळकुळीत, नॉनस्टिक कोटिंगचं. दुसरं त्याच्या कामगार-कॅम्पातल्या एका माणसाचं वापरलेलं. त्यानं भांड्याचं कोटिंग उडायला लागल्यावर उरलेलंही घासून काढलं होतं, आत नुसतं पांढरं ॲल्युमिनियम. मेव्हण्याच्या मते विचारायचाही प्रश्न नव्हता, पण तो माणूस सरळ, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणालो, "पांढरं आण."

याला कारण माझी नोकरी. आमच्या कारखान्यात तव्यांना आणि कढयांना काळं कोटिंग चढायचं. आधी बारीक खड्यांचा मारा करून पत्रा खरखरीत करायचा, म्हणजे रंगाला पकड मिळते. मग पहिला हात, मग काळा फवारा, मग भट्टी. मी शेवटी बसायचो, तपासणीला. उजेडात तवा तिरका धरायचा, नखानं कड बघायची, नमुन्यावर सुरीनं चौकटी पाडून चिकटपट्टी लावायची आणि खसकन ओढायची. पट्टीवर काळं आलं की लाल खडूनं फुली. माझ्या हातून फुली पडलेला माल पुढे जात नसे, आणि म्हणून शिफ्टमध्ये माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. ते कोटिंग कसं चढतं हे मला माहीत होतं, तसंच कसं उतरतं हेही. आमच्या घरात लोखंडी उलथनं, राख आणि तारेची घासणी. त्या घरात काळं भांडं चार महिने टिकलं नसतं, आणि उडालेल्या खपल्या आईच्या पोटात गेल्या असत्या. बायकोला हे पटलं नाही. "लोक कोरं सोडून वापरलेलं मागतात होय?" एवढंच ती म्हणाली आणि घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

मशीन आलं. पांढरी चौकोनी पेटी, वर काचेचं छोटं भोक. पिन तिकडची, चौकोनी पायांची, आपल्या सॉकेटात जाईना. ती कापून मी आपली तीन पायांची लावली. भांड्याच्या तळाशी एक छोटं पातं फिरायचं, तेच पीठ मळायचं. सोबत मेव्हण्यानं यीस्टचा डबा आणि तिकडच्या भाषेतलं पुस्तक आणलं. पुस्तकातली चित्रं समजली.

पहिला ब्रेड बायकोनं केला, आणि आईनं खाटेवरून सल्ला दिला. "पानी कडकडीत घाल गं. त्याबिगर पीठ धरत न्हाई." बाजरीच्या भाकरीला आधणाचं पाणी घालणारा हात, त्यात गैर काही नव्हतं. बायकोनं कडकडीत पाणी घातलं, यीस्ट तिथल्या तिथं मेलं, आणि साडेतीन तासांनी मशीननं शिट्टी मारून एक वीट बाहेर दिली. ती वीटही सरळ बाहेर आली नाही. भांड्याला असली घट्ट धरून बसली की उलथन्यानं कोरून काढावी लागली. मेव्हणा अजून घरात होता. त्याच्यादेखत बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली. कारखान्यात मी तव्यांकडे तसंच बघायचो.

पुढचे ब्रेड कोमट पाण्यानं झाले आणि फुगले. अंडं, तूप, दुधाची पावडर, सगळं आत गेलं आणि वास खमंग आला. मधेच वीज गेली की मशीन सगळं विसरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मळायला लागायचं, ते वेगळं. खरी अडचण चिकटण्याची होती. वरचा पाऊण भाग निघायचा, तळाचा बोटभर थर भांड्यालाच राहायचा, पात्याभोवती तर ढेकूळच. मी बायकोला तेलाचा हात नीट दे म्हणून सांगितलं. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. मी पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. तिसऱ्या दिवशी तळाला आणखी जाड थर. मला वाटलं, ही मुद्दाम करतेय, काळं भांडं आणलं नाही म्हणून. मुद्दाम करत होती हे खरं निघालं, कारण मात्र दुसरं होतं.

आईचं रोजचं असं होतं. सकाळी मी तिच्यासमोर ताटलीत ब्रेडचा मऊ तुकडा ठेवायचो, दुधाची वाटी ठेवायचो आणि समोर बसायचो. "आई, आधी तू खा." ती एक घास घ्यायची, माझ्याकडे बघून आणखी एक घ्यायची. मग ताटली सरकवायची. "तू खाल्लं का? तिनं खाल्लं का?" आम्ही नंतर खाऊ म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं दुखतंय. मी डॉक्टरांकडून दुखण्याच्या गोळ्या वाढवून आणल्या.

तरी वजन वाढत होतं. दर आठवड्याला काट्यावर उभी करायचो. पहिल्या आठवड्यात जैसे थे, मग अर्धा किलो, मग आणखी थोडं. दोन घासांवर हे कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी ते अंड्यातुपाच्या खात्यावर टाकलं आणि स्वतःची पाठ थोपटली. चौथा आठवडा सुरू झाला तेव्हा दीड किलो झालं होतं, आणि मला वाटलं, आता भांड्याचाही निकाल लावून टाकावा.

बिडाचा तवा घरात आला की बायका त्याला तेल पाजून मुरवतात. मी तेच करायचं ठरवलं, फक्त कारखान्याच्या पद्धतीनं. फोरमनला विचारून भांडं पिशवीत घालून नेलं. तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, फडक्यानं जवळजवळ पुसूनच टाकायचा, आणि तव्यांच्या रांगेत साखळीवर टांगून भट्टीतून काढायचं. असं चार वेळा. चौथ्यांदा बाहेर आलं तेव्हा भांडं आतून मधाच्या रंगाचं झालं होतं, गुळगुळीत, कुठे डाग नाही की ओघळ नाही. मी ते उजेडात तिरकं धरून पाहिलं. फुली मारायला जागा सापडली नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही, आणि हे मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी ब्रेड झाला. मी भांडं उलटं केलं आणि नुसतं हलवलं. अख्खा ब्रेड फडक्यावर पडला, चारी कडा शाबूत, तळाला फक्त पात्याचं भोक. भांडं आत कोरडं आणि स्वच्छ. मी ते आईपुढे धरलं. "बघ, एक कण राहिला नाही." तिनं भांडं हातात घेतलं, आत बोट फिरवलं आणि परत दिलं. "चांगलं केलं रं," ती म्हणाली. बायको आत निघून गेली.

त्या आठवड्यात आईचं वजन अर्धा किलो उतरलं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, पण आता दिवस राहिले नाहीत. घरी आलो. आई खाटेवर आडवी झाली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोवर खेकसलो, की तू अंडं घालतेस की नाही, तूप कमी केलंस का. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, तुमचं भांडं सुधारलं आणि आत्यांचं जेवण बंद झालं."

मला कळलं नाही. मग तिनं हात धुतले आणि सांगितलं. मी पहिल्या शिफ्टला गेलो की ती स्वतः खाऊन घ्यायची, आणि तिचं खाणं झालं की आई उठायची. ब्रेडचं भांडं घेऊन मागच्या ओट्यावर जाऊन बसायची. चिकटलेल्या थरावर कोमट दूध ओतायची, जरा भिजू द्यायची आणि शिंपीनं, म्हणजे शिंपल्यानं, खरवडायची. दुधाच्या पातेल्याची खरवड काढायची शिंपी ती गावाहून गाठोड्यात घेऊन आली होती. पातळ, चपटी, दोन बोटांच्या फटीतून चमच्यापेक्षा सहज आत जाणारी. भिजलेली खरवड लगदा व्हायची नाही, टाळूला चिकटायची नाही. अर्धा अर्धा तास बसून ती सगळं भांडं पुसून काढायची. बायकोनं एकदा मोरीवर जाताना हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तळाला तेल लावणं सोडलं. मग पातं काढताना चुकून मोडला असं भासवून ब्रेडचा आणखी तुकडा आत राहू द्यायला लागली. मग खिरीच्या पातेल्यातही जास्तीचं ठेवायला लागली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथं समोर जाऊन बसला असतात," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसलात की त्या खात नाहीत."

हे खरं होतं, आणि मला ते तिच्याआधी माहीत असायला हवं होतं. तिसगावच्या घरात आई कधी जेवायची हे मी आठवून पाहिलं. वडील जेवायचे, चुलते जेवायचे, आम्ही भावंडं जेवायचो, सालगडी जेवायचा. मग ती टोपल्यात काय उरलं ते बघायची आणि तवा, पातेलं, कढई पुढ्यात ओढून बसायची. ताट वाढून घेतलेली आई मला आठवेना. खूप आठवून पाहिलं, सणाच्या दिवशीचीही. तिला सगळ्यांच्या आधी, ताटलीत, तीही नवी आणलेली, मुलगा समोर बसून टक लावून बघतोय, असं वाढत होतो मी. तिच्या घशाखाली उतरणार कसं? मला स्वतःची लाज वाटली. बायकोचा रागही आला, आणि तो आल्याची पुन्हा लाज वाटली.

संध्याकाळी मोरीवर भांडं घेऊन बसलो. तेलाचा तो थर सहजी निघणारा नव्हता, मीच चढवलेला होता. आधी तारेची घासणी आणि राख, मग पॉलिश पेपर. मधाचा रंग गेला, पांढरं ॲल्युमिनियम दिसायला लागलं. तेवढ्यावर मी थांबलो नाही. जाड पेपर घेऊन तळाला आधी उभ्या रेघा पाडल्या आणि मग आडव्या, सगळीकडे सारख्या. कोटिंगच्या आधी पत्रा जसा खरखरीत करतात तसा. कशाला काय पकडतं हे मला चांगलं कळत होतं, तेवढाच या प्रकरणात माझा उपयोग. बायकोनं चहाचा कप आणून शेजारी ठेवला आणि म्हणाली, "कोपऱ्यात राहिलंय बघा."

सकाळचा ब्रेड तळापासून अर्धा फाटून आला. मी आणि बायको आईसमोर जमिनीवर बसलो आणि खाल्लं. आई, तू खातेस का, असं मी विचारलं नाही. जीभ चावून बसलो म्हटलं तरी चालेल. तिनं आम्हाला दोनदा सांगितलं, "पोटभर घ्या, लाजू नका." आम्ही घेतलं. वरचा भाग संपला तसा तिचा चेहरा मोकळा झाला. "ते भांडं इकडं दे," ती बायकोला म्हणाली. "मी घासून टाकते." मी चपला घातल्या आणि वेळ झालेली नसताना कामाला निघालो.

उरलेले दिवस असेच गेले. दिवसातून दोन ब्रेड, दोन्ही वाईट. त्यातच मी एकदा घरी लवकर आलो आणि मागच्या दारातून ती पाठमोरी दिसली. भांडं मांडीवर तिरकं धरलेलं, शिंपी हळूहळू फिरतेय. मी तसाच मागं फिरलो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

सहावा आठवडा संपायच्या आदल्या दिवशी तिला काट्यावर उभी केली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, तिला पदर आवरून सरळ उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा पाहिलं. तीन किलोला थोडं वर. ते टेबलाशी बसले आणि पुण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाले, "आजी, शाब्बास. काय खाल्लंत एवढं?"

"मी कुठं काय खाते, बाबा," आई म्हणाली. "ही दोघंच खात्यात. लई खात्यात. मागं भांड्याला लागलेलं उरतं, तेवढं मी पुसून घेते. वाया कशाला घालवायचं?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आधी तुम्ही दोघं जेवता," ते सावकाश म्हणाले, "आणि या बाईला भांडं पुसायला देता?"

बायको काही बोलायला गेली. आई हसत होती, अर्ध्या तोंडानं. मी बायकोचा हात धरला.

"हो," मी म्हणालो. "रोज."